न विचारलेला पगार

मुलीची बारावी झाली त्या वर्षी माझा उजवा खांदा धरला. लोकर कातरायच्या आधी आम्ही मेंढ्या बंधाऱ्यात धुतो. एक मेंढा पाण्यात उतरेना, त्याला ओढताना खांद्यात कळ आली. दोन दिवसांत जाईल म्हणून अंगावर काढलं, तर महिनाभरात हात डोक्यापर्यंत जाईना. माझी वेणी मुलगी घालायला लागली. शेवटी धाराशिवला हाडाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी फोटो काढला, मोडलेलं काही नाही म्हणाले, आणि खालच्या मजल्यावर दहा दिवस शेक आणि व्यायाम घ्यायला सांगितलं. आमचं गाव भूम तालुक्यात, ईट गावाच्याही आत. रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून धाराशिवला धाकट्या बहिणीकडं राहायचं ठरलं.

निघायच्या सकाळी मुलगी माझे केस विंचरत होती. तेव्हा म्हणाली, "आई, तिथं व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम असतील ना, त्यांचं शिक्षण म्हणजेच बीपीटी. मी म्हणते ते. त्यांना फक्त एवढं विचार, शिकून झाल्यावर पगार किती पडतो."

"मोबाईलात असतं की सगळं."

"मोबाईलात एक जण पंधरा हजार म्हणतो, दुसरा पन्नास म्हणतो. कॉलेजवालेच लिहितेत ते. जी खरंच काम करायलीय तिच्या तोंडून पायजे मला."

"मग तूच ये की संगं."

"मी दाखल्यांच्या मागं पळू का तुझ्या मागं येऊ? तहसीलला तीन हेलपाटे झालेत. एक प्रश्न हाय गं. जीभ झिजती का तुझी?"

त्या वेळी तिच्यापुढं दोन वाटा होत्या. सरकारी नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. तिथं आपल्या जातीच्या सवलतीमुळं फी नावापुरतीच होती. दुसरी वाट कर्नाटकाच्या हद्दीतल्या खाजगी कॉलेजात बीपीटी करायची, म्हणजे फिजिओथेरपी. तिथं आपली सवलत चालत नव्हती. वर्षाला सव्वा लाख फी, वर राहणं-खाणं, आणि साडेचार वर्षं. बँकेचं शिक्षणाचं कर्ज काढल्याशिवाय ते होणार नव्हतं.

माझ्या मालकांना, म्हणजे मुलीच्या आबांना, नर्सिंग नको होतं. "रातपाळ्या करायच्या, परक्याचं हागणं-मुतणं काढायचं. आन् तिकडं नावाच्या आधी डॉक्टर लिहितेत म्हणं." मुलीला मात्र दोन्ही चालत होतं. तिनं वहीच्या एका पानावर दोन्हीकडचा हिशेब मांडला होता. फी, खोली, व्याज, वर्षं, सगळं लिहिलेलं. बीपीटीच्या खाली पगाराची जागा तेवढी कोरी होती. मला ते पान दाखवून ती म्हणाली, "विसाच्या वर पगार असंल तर कर्ज काढायचं. खाली असंल तर गपचिप नर्सिंगला जायचं. आबांची समजूत मी काढते. तू जे सांगशील ते फायनल."

मला माणसांशी बोलता येत नाही. लहानपणापासूनच. मेंढरांना हाक मारली तर माझा आवाज दोन शिवारं ओलांडून जातो, पण एसटीत कंडक्टरला "इथं थांबवा" म्हणता येत नाही. कितीदा पुढच्या गावाला उतरून मागं चालत आले आहे. दुकानात कुणी गिऱ्हाईक असलं तर ते जाईपर्यंत बाहेर उभी राहते. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यात बाईंनी प्रश्न विचारला की मला उत्तर यायचं पण तोंडातून निघायचं नाही.

आणि पैशाचं विचारणं तर आमच्या घरात पाहिलेलंच नव्हतं. बाजारात मेंढरू विकताना आमची माणसं उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव करतात. चार माणसांत आकडा तोंडानं काढायचा नाही. किती बोटं दाबली, कितीला सौदा तुटला, हे दोघांनाच ठाऊक. माझा बाप तसाच करायचा, मालकही तसेच करतात. घरी आल्यावर सुद्धा "किती आले?" असं मी विचारत नाही. ते सांगतील तेव्हा ऐकायचं. कुणाची कमाई उघडी विचारणं म्हणजे अंगावरचा पदर ओढल्यासारखं, असं मला वाटत आलं. मुलीला यात काय अवघड होतं ते कळत नव्हतं, आणि मला तिला सांगता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी त्या मॅडमला बघितलं. मॅडम कसली, पंचवीस-सव्वीसची पोरगी. मला "मावशी" म्हणाली. गरम पिशवीनं खांदा शेकला, मग छताला टांगलेल्या दोरीला हात धरायला लावून वरखाली करून घेतलं. दुखायचं तेव्हा मी ओठ दाबायची, तर म्हणायची, "मावशी, ओरडा की. इथं कुणी नावं ठेवत नाही." हात मऊ आणि गरम होते. दुखण्याच्या जागी अंगठा बरोबर जायचा, शोधावं लागायचं नाही.

रोज संध्याकाळी मुलीचा फोन यायचा. "विचारलंस का?"

"आज लई गर्दी होती."

दुसऱ्या दिवशी, "विचारलंस?"

"त्या जेवायला गेल्या होत्या."

चौथ्या दिवशी ती चिडली. "आई, तू तिथं खांदा दाखवायला गेलीस का पाहुणी म्हणून गेलीस? फी भरायची तारीख जवळ यायलीय."

बहीण शेजारी भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "ताई, मी येऊ का संगं? मी विचारते." मी नको म्हणाले. बहीण कुठंही मोठ्यानं बोलते. डॉक्टरांच्या पेशंटांसमोर तिनं "तुम्हाला पगार किती?" असं विचारलं असतं तर मी परत तिथं गेले नसते. आज वाटतं, तिला नेलं असतं तर सगळं एका मिनिटात झालं असतं.

आठव्या दिवशी मला वेळ मिळाला होता. खोलीत मी आणि ती पोरगी, दोघीच. तिनं आपण होऊन विचारलं, "मावशी, मुलं काय करतात तुमची?"

"एक मुलगी हाय. बारावी झाली."

"अरे वा. पुढं काय करणार?"

प्रश्न जिभेवर आला होता. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला होता आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणाले, "बघू."

तिनं माझा हात हळूच खाली ठेवला. मग म्हणाली, "काहीही करू दे, पण नीट विचारपूस करून करा मावशी." एवढ्यात दारात एक आजोबा काठी टेकत आले आणि ती उठली. ती मला काहीतरी सांगायला निघाली होती, हे मला त्याच वेळी कळलं होतं. तरी मी "काय विचारपूस?" एवढंही म्हणाले नाही. पदर सावरला आणि बाहेर आले.

शेवटचे दोन दिवस मी विचारायचं सोडून दिलं आणि बघायला लागले. आम्ही बाजारात जनावर तोंडानं विचारून घेत नाही, बघून घेतो. पाठीवर हात फिरवायचा, दात बघायचे, चाल बघायची, डोळ्यांत पाणी आहे का बघायचं. मला त्यातलं कळतं. मालक सुद्धा मेंढी घ्यायची तर आधी मला दाखवतात. तसं मी त्या पोरीला पारखलं. कानात सोन्याचे झुबे होते, चांगले वजनाचे. मनगटावर घड्याळ. बाहेर उभी असलेली पांढरी स्कुटी तिची. खोलीला एसी. एका पेशंटचे तीनशे रुपये घ्यायचे आणि दिवसाला दहा-बारा पेशंट यायचे, ते मी बाकावर बसून मोजले. माझा भाऊ एसटीत कंडक्टर आहे, त्याला तेव्हा तीस हजारांच्या आसपास मिळायचे. त्याच्या बायकोच्या कानात एवढे झुबे नव्हते. म्हणजे हिला तिसाच्या खाली नसणार, असं मी ठरवलं.

दहाव्या दिवशी फोनवर मुलगी म्हणाली, "आज शेवटचा दिवस होता ना?"

"व्हय. विचारलं."

"खरं? काय म्हणाल्या?"

"तीस हजार."

पलीकडं तिचा श्वास ऐकू आला. मग ती ओरडली, "आबा, तीस! तीस हजार!" आणि हे मागून म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?" मला त्या वेळी खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही, हे मी खरं लिहिते. मला वाटलं, मी पारखून सांगितलं.

तीनशे रुपये तिच्या हातात जायचे, पण तिथून ते कुठं जायचे हे मी बघितलंच नव्हतं. आमच्याकडं कातरणारी माणसं येतात, त्यांना मेंढरामागं ठरलेले पैसे मिळतात, लोकर आमची राहते. दरवर्षी डोळ्यांपुढं होतं ते. तरी मला सुचलं नाही की ती पोरगीही कातरणारीच असेल.

बँकेत आम्ही तिघं गेलो. साहेब तरुण होते, चांगले बोलत होते. म्हणाले, "शिकेपर्यंत हप्ता नाही, नंतरही एक वर्ष नाही. पण व्याज आजपासून चढत राहणार, हे लक्षात ठेवा." ह्यांनी मान डोलावली. साहेबांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "कोर्स झाल्यावर अंदाजे पगार किती?"

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. हेही बघायला लागले. म्हणाले, "सांग की. तूच विचारून आलीस."

मी म्हणाले, "तीस हजार." आवाज नीट निघाला. एखाद्या ऑफिसात, खुर्चीवरच्या माणसाला, मी न अडखळता बोललेले ते पहिले शब्द असतील. साहेबांनी ते लिहून घेतले. बाहेर आल्यावर मुलीनं माझ्या गळ्यात हात टाकला. "आई, कसली भारी बोललीस!" त्या दिवशी मला माझंच कौतुक वाटलं होतं.

नर्सिंगची जागा सोडल्याचा कागद तिनं दुसऱ्या दिवशी दिला.

ती तिसऱ्या वर्षाला असताना मी बहिणीकडं गेले होते. बोलता बोलता बहीण म्हणाली, "तुझा खांदा बघायची ती पोरगी गं, लगीन होऊन गेली. मागच्या गल्लीतलीच निघाली. नऊ हजारांवर राबत होती बिचारी. स्कुटी बापाची. झुबे सासरच्यांनी साखरपुड्यात घातले होते." मी चहा पीत होते. तो तसाच खाली ठेवला. बहीण म्हणाली, "काय गं, गार झाला का?" मी "व्हय" म्हणाले.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मुलीची दोन वर्षं राहिली होती. पण मधेच सोडून काय करणार, पुढं भाव वाढेल, हुशार आहे, हिला जास्त मिळेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. ती सुट्टीला यायची, गावातल्या म्हाताऱ्यांचे गुडघे बघायची. म्हातारे तिला "डॉक्टरीणबाई" म्हणायचे आणि हे ओट्यावर बसून ऐकायचे. त्या वेळी त्यांच्या तोंडाकडं बघून मला सांगणं आणखीच अवघड व्हायचं.

ती पास झाली. सोलापूरला एका खाजगी दवाखान्यात लागली. हातात तेरा हजार. खोलीत तिघी जणी राहतात, डबा लावलाय. वर्ष सरलं आणि हप्ता सुरू झाला, तो दहा हजारांच्या वर. उरलेल्यात तिचं भागत नाही, म्हणून हे दर दोन-तीन महिन्यांनी एक-दोन कोकरं जास्त विकतात आणि तिला पैसे पाठवतात. ती नको म्हणते, मग घेते. शेजारच्या गावची पोरगी तिच्याच यादीतून नर्सिंगला गेली होती. ती आता भूमला सरकारी दवाखान्यात आहे. परवा आठवडी बाजारात भेटली, पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला आणि बाजार तसाच सोडून घरी आले.

यंदा संक्रांतीनंतर मुलगी दोन दिवसांसाठी आली. येताना पुढच्या शिक्षणाचे कागद घेऊन आली. एमपीटी, आणखी दोन वर्षं. म्हणाली, "बँक आधीच्या कर्जाला जोडून देती म्हणायलेत. आबांची सही पायजे आन् उत्पन्नाचा दाखला."

हे म्हणाले, "अजून कर्ज? आन् पगार?"

"तेच तर सांगते. तेव्हाच त्या मॅडमला तीस मिळत होते. म्हणजे त्या एमपीटीच असणार. नुसत्या बीपीटीला एवढे कुणी देत न्हाय, मी आता बघितलं ना. आई, त्यांच्या पाटीवर काय लिहिलेलं होतं, आठवतं का?"

"न्हाय आठवत," मी म्हणाले. पाटीच नव्हती.

ह्यांनी कागद उलटून पालटून बघितले. मग म्हणाले, "एवढं केलंय तर तेवढंबी करू. दहा-वीस मेंढरं कमी झाली तरी चालतंय." आणि सही केली. मी भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी करपली, तसं हे म्हणाले, "ध्यान कुठंय तुझं?"

ते दोन दिवस मी तिच्या मागं मागं फिरले. ती कपडे धुवायला गेली की मी जायची, ती वाघराच्या जाळीत कोंडलेली कोकरं बघायला गेली की मी जायची. एकदा तीच म्हणाली, "काय पायजे आई? काय बोलायचंय का?" मी म्हणाले, "न्हाय, असंच."

तिसऱ्या दिवशी तिला सोडायला ईटच्या स्टँडवर गेले. हे मेंढरांमागं गेले होते. बार्शीची गाडी यायची होती, तिथून ती सोलापूरला जाणार होती. बाकावर एक म्हातारी, कॉलेजची चार-पाच पोरं, एक कोथिंबीर घेऊन बसलेली बाई. मला वाटलं, ही गाडी गेली की कागद बँकेत जातील. फलाटाच्या टोकाला गाडी दिसली, पण ती दुसरीच निघाली. मग मी म्हणाले.

"मी विचारलंच नव्हतं."

"काय?" ती मोबाईल बघत होती.

"त्या मॅडमला. पगाराचं. मला विचारता आलं न्हाय."

तिनं मोबाईल खाली घेतला. "मग तीस कुठून आणलेस?"

"तिच्या कानात झुबे होते. स्कुटी होती."

ती हसली. खरंच हसली, मोठ्यानं. म्हातारी वळून बघायला लागली. "झुब्यांवरून? अगं माझ्या बी कानात हायत की, मावशीनं दिलेले. मला बघून किती सांगशील? लाखभर?"

मी म्हणाले, "नऊ हजार होते तिला. मला मागनं कळलं. तू तिसऱ्या वर्षाला होतीस."

मग तिचं हसू गेलं. कोथिंबीरवाली बाई आमच्याकडंच बघत होती, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मुलीनं मोबाईल पिशवीत टाकला. मग हळू म्हणाली, "दीड वर्ष झालं आई. रोज पेशंटला हात लावते आन् मनात म्हणते, त्या मॅडमला तीस मिळत होते, मला तेरा. म्हणजे माझ्या हातातच कायतरी कमी हाय. सर रागावले की म्हणते, बरोबर हाय, आपल्याला येत न्हाय."

हे मला ठाऊक नव्हतं. हप्त्याचं मी मोजत होते, मेंढरांचं मोजत होते, पण हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"तुझ्या हातात काय कमी न्हाय," मी म्हणाले.

"तू कसं सांगायलीस? बघून?"

बार्शीची गाडी आली. तिनं पिशवी उचलली. मी विचारलं, "ते कागद?" ती म्हणाली, "न्हाय देत आता." दारात गर्दी होती, ती आत गेली. खिडकीत बसली असेल तर पलीकडच्या बाजूला बसली असेल, मला दिसली नाही.

त्याच दिवशी मी ह्यांनाही सांगितलं. त्यांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. नंतर म्हणाले, "बँकेत मीच तुला सांग म्हणालो होतो," आणि उठून गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

आठ दिवस मुलीचा फोन नव्हता. नवव्या दिवशी आला. आबांची गोळी चालू आहे का, कोकरं किती झाली, असं सगळं विचारलं. मग म्हणाली, "आई, मी लई विचार केला. तू नऊ सांगितले असतेस तर मी काय केलं असतं? कधी वाटतं, नर्सिंगला गेले असते. कधी वाटतं, तरीबी इकडंच आले असते. मला हे काम आवडतं गं. एखाद्या आजीचा हात वर जायला लागला की लई बरं वाटतं. तसं असतं तर हे माझंच कर्ज झालं असतं, मी डोळे उघडे ठेवून घेतलेलं. मग तेरा हजारांत बी मी कुरकुर केली नसती. पण आता ते कधीच कळायचं न्हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.  मग कुणीतरी तिला आतून हाक मारली, पेशंट आला होता, आणि तिनं फोन ठेवला.